मुका मार

तो सिनेमा माझ्याकडे पेनड्राइव्हमधून आला, आणि आला तो चोरट्या मालासारखा. २००८ साल. कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी राहायचो. चौघींत मिळून एक लॅपटॉप, तोही एकीच्या ऑफिसचा. तिच्या टीममधल्या मुलांनी आपापसांत फिरवलेली एक फाइल तिच्यापर्यंत आली होती. फाइलला सिनेमाचं नाव नव्हतं, नटीचं होतं, आणि नटीच्या नावामागे एक विशेषण होतं, ते इथे लिहीत नाही. "तेरा मिनिटांचंच आहे गं, बघून टाकू," असं म्हणत तिने लॅपटॉप गादीवर ठेवला, लाइट घालवला आणि आम्ही चौघी पालथ्या पडून बघायला लागलो.

तेरा मिनिटांनी लाइट लावला तेव्हा एक झोपून गेली होती. दुसरी म्हणाली, "एवढंच?" लॅपटॉपची मालकीण पेनड्राइव्ह काढता काढता म्हणाली, "त्या पोरांनी हे शेवटपर्यंत पाहिलेलंच नसणार." मी काही बोलले नाही. मला त्यातलं निम्मंअधिक कळलं नव्हतं. ज्या दृश्यासाठी ती फाइल ऑफिसभर फिरली होती ते येऊन गेलं तरी माझं लक्ष त्याच्या आधीच्याच एका गोष्टीत अडकलं होतं. त्या बाईच्या अंगावर मुक्या माराचे डाग होते.

सिनेमाचं नाव 'हॉटेल शेवालिए'. दिग्दर्शक वेस अँडरसन. डिसेंबर २००५मध्ये पॅरिसच्या हॉटेल राफाएलमध्ये अडीच दिवसांत, जेमतेम पंधरा माणसांच्या युनिटसह, स्वतःच्या खिशातले पैसे घालून त्याने हा लघुपट केला. यातला नायक जेसन श्वार्ट्झमन आणि नायिका नॅटली पोर्टमन यांनी कामाचे पैसे घेतले नाहीत. सप्टेंबर २००७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला आणि मग आयट्यून्सवर फुकट ठेवला गेला. म्हणजे चोरटा वगैरे काही नव्हता. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याला कुणीतरी तसा करून ठेवला होता.

मधल्या काळात मी तो दोन-तीनदा एकटीने पाहिला. गेल्या महिन्यात घरच्या टीव्हीवर नवऱ्याबरोबर पाहिला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

गोष्ट सांगायला गेलं तर चार ओळींची. पिवळा गाऊन घातलेला एक मिशीवाला तरुण हॉटेलच्या पलंगावर पेपर वाचत पडलाय. टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा चालू आहे. तो रूम सर्व्हिसला फोन लावतो आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ग्रिल्ड चीज सँडविच मागवायला जातो. मधेच अडतो आणि विचारतो, ग्रिल्ड चीजला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? पलीकडून उत्तर येतं, ग्रिल्ड चीज. सोबत काय, तर चॉकलेट मिल्क. पॅरिसमध्ये राहून शाळकरी पोराच्या मधल्या सुट्टीतलं खाणं मागवणारा माणूस बघितल्याबरोबर कळतं की याचं काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे ऑफिसात बोलणी खाऊन आलेला नवरा मेतकूट-भात मागतो, त्यातलाच हा प्रकार.

मग फोन वाजतो. ती आहे. विमानतळावरून निघालेय, खोलीचा नंबर सांग. तो म्हणतो, ये असं मी म्हटलेलं नाही. ती विचारते, येऊ का? तो हो म्हणतो.

इथून पुढची दीड-दोन मिनिटं मला अख्ख्या सिनेमात सगळ्यात जास्त आवडतात, कारण त्यात एक पुरुष खोली आवरतो. पसारा उचलतो, टबात पाणी सोडतो, गाऊन काढून सूट चढवतो. पायात मात्र काही नाही. आयपॉडला जोडलेल्या स्पीकरवर गाणं लावून बघतो, सुरुवातीचे दोन-चार सूर ऐकतो आणि बंद करतो, म्हणजे ती आल्यावर ते नेमकं हवं तिथून सुरू करता येईल. सगळं झाल्यावर परत पलंगावर जाऊन पडतो, जणू काही याला कुणी येणार आहे याचा पत्ताच नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकांचे आठ प्रकार आहेत. त्यातली वासकसज्जा म्हणजे तो येणार म्हणून स्वतःला नटवून, शेज सजवून बसलेली. पहाडी शैलीच्या चित्रांत ती हमखास भेटते, दासी बिछाना सारखा करतायत आणि हिचं लक्ष दाराकडे. अभिसारिका म्हणजे अंधारात, पावसापाण्यात, विंचूकाट्याची पर्वा न करता त्याला भेटायला निघालेली. आठही प्रकार बायकांचे. वाट बघायची ती बाईने, सजायचं बाईने, रुसायचं बाईने, आणि पुरुष हा बहुतेक वेळा चित्राच्या चौकटीबाहेरून येणारा कुणीतरी. अँडरसनने भरत वाचला असेल असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्याच्या खोलीत शेज सजवून बसलेला तो आहे, आणि अभिसाराला आलेली ती आहे. अनवाणी वासकसज्ज नायक! मिशी असलेला.

या आवरण्यात लबाडी असते, आणि ती मला चांगली माहितेय. अमुक कुणी येणार म्हटल्यावर आपण खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबतो, अर्धवट वाचलेलं बरं पुस्तक वर ठेवतो, वाईट पुस्तक खाली. लग्नाआधी मला बघायला येणाऱ्यांसाठी आईने शोकेसमधल्या बाहुल्या धुतल्या होत्या. खोली आवरणारा माणूस स्वतःलाच आवरत असतो, आणि 'आवर' या शब्दाला आपल्याकडे हे दोन्ही अर्थ आहेत ही सोयीची गोष्ट. अँडरसनवर नेहमी टीका होते की त्याच्या सिनेमात सगळं फार नीटनेटकं, बाहुलीच्या घरासारखं असतं. या लघुपटात मात्र तो नीटनेटकेपणा पात्राचाच आहे. एका दुखावलेल्या माणसाने अर्ध्या तासात उभा केलेला तो सेट आहे, आणि पुढची सगळी मिनिटं एक बाई त्या सेटमध्ये फिरून तो उसवत राहते.

गाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याची निवड साधी नाही. ते पीटर सारस्टेडचं १९६९ सालचं गाणं, इंग्लंडमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं. वाल्ट्झच्या तीन मात्रांच्या ठेक्यावर, ॲकॉर्डियन वाजवत, ऐकताना वाटावं की गाणारा पॅरिसच्याच एखाद्या गल्लीत वाढलाय. सारस्टेडचा जन्म दिल्लीतला, १९४१चा, आणि शाळा दार्जिलिंगजवळच्या कुर्सियाँगची. पन्नासच्या दशकात घरचे इंग्लंडला गेले. गाण्यात नेपल्सच्या गल्लीबोळांतून वर चढत पॅरिसच्या बड्या लोकांत जाऊन बसलेली एक मुलगी आहे, आणि तिला लहानपणापासून ओळखणारा एकजण तिला विचारतोय की तू बिछान्यात एकटी असतेस तेव्हा तुझं मन कुठे जातं. तिचे कपडे, तिचे हिरे, तिची ऊठबस, सगळं तो मोजून दाखवतो आणि शेवटी सांगतो की मला ठाऊक आहे, तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतं.

दार उघडण्याच्या क्षणी तो नायक हे गाणं सुरू करतो. ती दारात, फुलं घेऊन. आणि ती पहिल्यांदा काय विचारते तर, हे कसलं गाणं? हसू येतं मला. एवढा बेत केला, बटण दाबायची वेळ साधली, आणि समोरचीने पहिल्याच वाक्यात सुतळी ओढली. मला या जागेची आणखी एक गंमत वाटते. गाण्यातला माणूस म्हणतो, मला तुझ्या मनातलं सगळं कळतं. ते गाणं लावणाऱ्याला काहीही कळत नाही. आपल्याला जे बोलता येत नाही ते दुसऱ्याच्या गाण्याकडून वदवून घ्यायची खोड माझ्या पिढीला कॅसेटपासून आहे, पण बरेचदा आपण असं गाणं निवडतो ज्यातला माणूस आपल्यापेक्षा खूप धीट असतो.

ती आत येते. खोलीभर फिरते, त्याच्या वस्तू उचलून बघते, ठेवते. त्याने भरून ठेवलेल्या टबात अंघोळ करायला नको म्हणते. आणि मग त्याच्या ब्रशने दात घासते.

पुढे जे होतं, कपडे उतरतात, चुंबनं होतात, ते सगळं एका बाजूला आणि तो टूथब्रश एका बाजूला. आमच्या घरी कुणाचा टॉवेल चुकून घेतला तरी आई वसकन अंगावर यायची. दुसऱ्याचा ब्रश म्हणजे विटाळच. मराठीत जवळीक सांगणारे शब्द काढून बघा. घसट, लगट, सलगी. 'लगट' हा शब्द पोलिसातल्या तक्रारीत शोभतो. 'घसट' मध्ये शेजारणीने नाक मुरडलेलं ऐकू येतं. 'सलगी' तेवढा मला आवडतो, कारण त्यात परवानगी न विचारता घेतलेला हक्क आहे आणि समोरच्याने तो घेऊ दिलाय हेही आहे. ब्रश उचलणं ही सलगी. महिनाभर परक्या शहरात दडून बसलेल्या माणसाच्या बाथरूममध्ये जाऊन तिने दाखवून दिलं की तू कुठेही जा, तुझा ब्रश तो माझा ब्रश. प्रेमाचं म्हणा, मालकीचं म्हणा. मला वाटतं तिलाही ते नक्की माहीत नसावं.

ती विचारते, माझ्यापासून पळतोयस का? तो म्हणतो, मला वाटलं, मी पळून झालोय. मधेच दार वाजतं आणि वेटर जेवणाचा ट्रे घेऊन येतो. दोघं तसेच, अवघडलेले. भारतीय एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे वेटरच्या जागी सासूबाई असतात आणि ट्रेच्या जागी इस्त्रीचे कपडे.

वेटर गेल्यावर ते एकमेकांच्या जवळ येतात. तो तिचे कपडे काढतो आणि त्याला ते डाग दिसतात. कुणी केले, कधी, कशाने, सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. तो खोदून विचारत नाही. ती सांगत नाही.

आठ नायिकांतली आणखी एक इथे आठवते, खंडिता. तिचा प्रियकर रात्र दुसरीकडे काढून सकाळी येतो, आणि त्याच्या अंगावरच्या नखांच्या, दातांच्या खुणा बघून ती पेटते. कवींनी या खुणांवर पानंच्या पानं खर्ची घातली. तिथे खुणा वाचता येतात. अंगावरची खूण म्हणजे पत्रच जणू, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं, आणि खंडिता ते खडाखडा वाचून त्याच्या तोंडावर मारते. शेवालिएतल्या खोलीत भूमिका पुन्हा उलटी आहे, अंगावर खुणा तिच्या आणि बघणारा तो. पण त्याला ते पत्र वाचता येत नाही. त्या प्रेमाच्या खुणा आहेत की मारहाणीच्या? दुसरं कुणी आहे, की ती पडली? हेवा करायचा की काळजी? पंचविशीत मला वाटलं होतं, किती समजूतदार आहे हा, विचारत नाही. आपल्या माणसाला असंच जपावं. तेव्हा मी न विचारण्याला फार मोठं समजत होते.

मग २०१४ साल आलं. मी आणि नवरा आठ महिने वेगळे राहत होतो. कागदोपत्री काही नाही. त्याला बंगळुरूला नोकरी मिळाली आणि मी मुंबईची सोडली नाही. नातेवाइकांना सांगायला तेवढं कारण पुरलं. खरं तर तो जायच्या आधीचे चार महिने आम्ही एका घरात राहून एकमेकांशी फक्त दूध, वीजबिल आणि सोसायटीची मीटिंग एवढ्यावरच बोलत होतो. एका गुरुवारी रात्री मला काय झालं कोण जाणे, मी स्लीपर बसमध्ये बसले आणि पुणं मागे पडल्यावर त्याला मेसेज टाकला, सकाळी येतेय, पत्ता पाठव. बराच वेळ काही नाही. मग नुसता पत्ता आला.

पहाटे एका ढाब्यावर गाडी थांबली होती. वरच्या बर्थवरून उतरत असताना ड्रायव्हरने ती हातभर पुढे घेतली आणि माझा दंड लोखंडी शिडीच्या कडेवर आपटला. रक्त नाही, खरचटणं नाही. पण बंगळुरू येईपर्यंत तिथे तळव्याएवढा जांभळा डाग धरला होता.

ज्या माणसाने लग्नानंतर एकदाही ओला टॉवेल पलंगावरून उचलला नव्हता, त्याच्या खोलीतल्या चादरीवर त्या सकाळी एक सुरकुती नव्हती. पेपर घडी करून टेबलावर. नुकतीच विझवलेली उदबत्ती, तिचा वास. ओट्यावर दोन कप, धुऊन पालथे घातलेले. मी त्या दोन कपांकडे बघत राहिले. एक माझ्यासाठी काढून ठेवलाय, की इथे रोजच दोन लागतात?

संध्याकाळी मी बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता. त्याने दंड पाहिला. पाहिला हे मी पाहिलं. नजर डागावर थांबली, तिथून सरकली, आणि तो म्हणाला, "चहा घेशील?"

मी घेते म्हटलं. शिडी लागली, एवढंच सांगायचं होतं, दोन शब्दांचं काम. पण विचारल्याशिवाय का सांगू, असं वाटलं. आणि कपांचं मीही विचारलं नाही. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी इतकं चांगलं वागलो की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. तिथल्या लालबाग उद्यानात जाऊन फुलं बघितली आम्ही.

परत येताना मी मुंबई न गाठता सांगलीला आईकडे गेले. न्हाऊन केस पुसत होते तेव्हा तिला दंड दिसला. तोवर डाग निळाकाळा होऊन कडेने हिरवट व्हायला लागला होता. आई काही बोलली नाही. आत गेली, डब्यातून आंबेहळदीचं कांड काढलं, सहाणेवर पाणी घेऊन उगाळलं. सांगलीच्या घरात हळदीला तोटा नाही. आजोबा सांगायचे, पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांतून हळद साठवायचे, पेव उघडलं की वाऱ्यावर वास. पण आंबेहळद वेगळी, स्वयंपाकातल्या हळदीची चुलत बहीण, कच्च्या कैरीसारखा वास येणारी. आईने ते गंध पळीत घेतलं, गॅसवर धरून कोमट केलं, स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलं आणि मधल्या बोटाने माझ्या दंडावर गोल गोल लावलं. लावताना एकच म्हणाली, "दुखतंय का, तेवढं सांग."

"दाबलं की दुखतं."

"मग दाबू नकोस."

कातडी फुटली नाही, रक्त आलं नाही, पण आत लागलंय, त्याला आपण मुका मार म्हणतो. लागलेलं बोलत नाही म्हणून मुका. आणि मुका म्हणजे चुंबनही. कोशकार सांगतील की हे दोन वेगळे शब्द आहेत, एक आला 'मूक'वरून आणि दुसरा 'मुखा'वरून. असतील. पण ती दोघं पलंगावर असतात, त्याचे ओठ आणि तिचे डाग एकाच चौकटीत असतात, तेव्हा मला मराठीत बघत असल्यासारखं वाटतं. ओठ बोलत नाहीत, डाग बोलत नाहीत, बोलतं फक्त ते गाणं.

आईनेही मला विचारलं नव्हतं, आणि नवऱ्यानेही. मी दोघांची तुलना कितीतरी दिवस करत बसले होते. आई विचारत नव्हती, पण तिच्या हातात पळी होती. त्याच्या हातात चहाचा कप होता. हे लिहिताना अन्याय होतोय त्याच्यावर, त्यालाही मी हे वाचून दाखवलंय आणि त्याने "चहा चांगला केला होता" एवढीच दुरुस्ती सुचवली.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. मी मुंबईत, स्वयंपाकघरात. डाग तोवर पिवळा पडला होता. मुका मार असाच विरत जातो. आत साकळलेलं रक्त फुटत जातं तशी त्यातली द्रव्यं बदलतात, आधी हिरवट, शेवटी पिवळं, आणि ते पिवळं म्हणजे कावीळ झालेल्याच्या डोळ्यांत दिसतं तेच बिलिरुबिन. तर फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्या हाताला काय झालं होतं?"

"शिडी लागली. बसची."

"बरं."

मग मी म्हटलं, "ते दोन कप कुणाचे होते?"

तो गोंधळला. कुठले कप, म्हणाला. मग आठवल्यावर, "एक सकाळचा, एक संध्याकाळचा. रात्री दोन्ही एकदम घासतो ना."

सिनेमात नवव्या दिवशीचा फोन नाही. त्याऐवजी काय होतं ते पुढच्या मोठ्या चित्रपटात कळतं. अँडरसनने नंतर याच पात्राला घेऊन 'द दार्जिलिंग लिमिटेड' केला. तीन भाऊ राजस्थानातून रेल्वेने फिरतात, चित्रीकरण जोधपूर-उदयपूरकडचं, पार्श्वभूमीला सत्यजित राय यांच्या चित्रपटांतलं संगीत, आणि एका गावातल्या बापाच्या भूमिकेत इरफान खान. त्यात कळतं की हा हॉटेलवाला लेखक आहे. भावांना तो आपल्या नव्या कथेचा शेवट वाचून दाखवतो, आणि ते संवाद म्हणजे हॉटेलच्या खोलीतलेच, शब्द न शब्द. पात्रं काल्पनिक आहेत, असं तो वर सांगतो. भावांचाही त्यावर विश्वास नसतो.

हे पाहिल्यावर माझ्या मनातला तो समजूतदार नायक एकदम उतरला. डागांकडे बघताना तो जपत होता, की टिपून घेत होता? तिला प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की कथा संपते. न विचारता ठेवलेला डाग कथेला उपयोगी पडतो. अर्थात हे मी कुठल्या तोंडाने बोलतेय! नवऱ्याचे कप आणि आईची पळी मी इथे आणून मांडलीच ना. नवऱ्याला विचारून मांडली. आईला विचारायला आई नाही.

ज्या दृश्यासाठी फाइल फिरली त्याबद्दल दोन शब्द. गाणं पुन्हा सुरू होतं, ती उघडी, कपाटाला टेकून उभी, शरीर असं ठेवलेलं की दिसतं कमी आणि रेषा जास्त. सगळं संथ गतीत. या दृश्याचीच एवढी चर्चा झाली की पोर्टमनने पुढे मुलाखतींत त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. तिचं बरोबरच होतं. पण दोष फक्त बघणाऱ्यांचा नाही. ती संथ गती मला आज खटकते. भिंती पिवळ्या, चादर पिवळी, आणि त्यात तिच्या अंगावरचे डागसुद्धा रंगसंगतीत बसवल्यासारखे. दुखणं इतकं देखणं दिसलं की ते कुणाचं आहे हे विसरायला होतं. अँडरसनचा हात इथे नायकासारखाच खोली आवरत राहिला, थांबायला हवं होतं तिथे थांबला नाही, असं माझं मत आहे.

आणि लगेच पुढच्या क्षणी तो मला परत जिंकून घेतो. नायक तो पिवळा गाऊन आणतो, सुरुवातीला स्वतः घातलेला, आणि तिच्या खांद्यांवर टाकतो. सांगलीला जन्मलेल्या कुणाला हे दृश्य दुसऱ्या कशासारखं दिसणार? डागांवर पिवळा लेप. तो हळद लावतोय. कोमट केली नसेल, मनगटावर तपासली नसेल, पण लावतोय.

थोडं आधी ती म्हणालेली असते की शेवटी काहीही होवो, मला तुझी मैत्री गमवायची नाही. त्यावर तो शपथेवर सांगतो की मी कधीही, काहीही झालं तरी, तुझा मित्र होणार नाही. हे कठोर वाक्य आहे असं पूर्वी वाटायचं. आता वाटतं, तेरा मिनिटांत तो एकदाच खरं बोलला. वेगळं राहण्याच्या त्या आठ महिन्यांत "आपण मित्र तरी राहू" हे वाक्य आम्हा दोघांच्याही तोंडावर आलं होतं आणि दोघांनीही ते गिळलं, ते बरं झालं.

मग तो विचारतो, माझं पॅरिस बघायचंय? दोघं बाल्कनीत जातात. तो खिशातून दात कोरायची काडी काढून तिला देतो, आणि दोघं समोर बघत उभी राहतात. आता पॅरिस म्हटल्यावर आपण आयफेल टॉवरची तयारी करतो. दिसतं काय, तर समोरची इमारत. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतूनही तेच दिसायचं. थोडा वेळ बघून ती दोघं आत जातात आणि कॅमेरा मात्र बाहेरच राहतो.

गेल्या महिन्यात इथे नवऱ्याने रिमोट हातात घेतला. मला वाटलं, आता विचारेल की यात एवढं काय आहे. बराच वेळ नावांची पाटी बघत बसला.

"त्याने विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"तू नऊ दिवसांनी विचारलंस."

"विचारलं ना पण."

मी गप्प बसले. टीव्ही बंद करून तो उठला, दाराशी थांबला.

"आणि ते सँडविच? गार झालं असेल एव्हाना."